जावक क्रमांक सातशे बारा

एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीत जावक लिहिली. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, तारीख घालायची, कोणाला गेला ते लिहायचं, की झालं. या कामाला अक्कल लागत नाही असं सगळे म्हणत आणि मीही तसंच म्हणू देत असे. पण कोणाची बदली, कोणाची चौकशी, कोणाची बढती, सगळं आधी माझ्या टेबलावरून जायचं. मी पत्रं वाचत नाही, असं मी सांगायची. मी प्रत्येक पत्र वाचायची, पाकिटात घातलेलं सुद्धा.

हे मी माझ्याबद्दल लिहीत नाही. दप्तरवालीबद्दल लिहितेय. निदान सुरुवात तरी त्या विचाराने करतेय.

आमची कचेरी जन्म-मृत्यूच्या नोंदींची. वर एक खिडकी, खिडकीसमोर रांग, मागे आमची टेबलं. खाली तळघरात दप्तरखाना. शंभर वर्षांची मृत्यूची रजिस्टरं तिथे लोखंडी रॅकवर उभी असत आणि त्या सगळ्यांची मालकीण ही एकटी. तळघराला एकच खिडकी होती, रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून फक्त लोकांचे पाय दिसत. "ताई, मी सगळ्या गावाला चपलांवरून ओळखते," असं ती म्हणायची आणि ते खरंही होतं.

तिच्या अंगावर कोड होतं. बाविसाव्या वर्षी ओठाशी पहिला ठिपका आला, ठरलेलं लग्न मोडलं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत गाल, मान, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले. पिठात हात घालून आल्यासारखे दिसत. दुसऱ्या कुणी करायच्या आधी हा विनोद तिनेच केला होता. "लोकांना वाटतं मी आत्ताच कणीक मळून आलेय. मग घेत नाहीत हातातून, म्हणतात आधी हात धुवा." आम्ही हसलो. ती हसली नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

खात्याच्या परीक्षेत ती पहिली आली होती. नियमाप्रमाणे खिडकीवर बसवली. चार दिवस बसली. पाचव्या दिवशी एका गृहस्थाने मुलीचा जन्मदाखला तिच्या हातून घ्यायला नकार दिला. ठेवा तिथे, म्हणाला, मी उचलतो. मागच्या दोघांनी मान डोलावली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब आवाज चढवणारे नव्हते, गोड बोलून गळा कापणारे. "तुमच्याच सोयीसाठी म्हणतो. लोकांची तोंडं कोण धरणार? खाली शांतता आहे." ती खाली गेली. काही दिवसांसाठी, असं ठरलं होतं. मी सांगतेय त्या वेळेपर्यंत अकरा वर्षं झाली होती.

कामात मात्र तिचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक यायचे आणि म्हणायचे, आजोबा कधी गेले ते आठवत नाही, बहुतेक थोरल्या काकांचं लग्न झालं त्याच्या आगेमागे. ती खुर्ची पुढे करायची आणि चौकशी सुरू करायची. उन्हाळा होता का, शाळा चालू होत्या का, खांदा द्यायला कोण होतं, त्यातलं कोण पुढे गेलं. वीस मिनिटांत रॅकवरून बरोबर रजिस्टर काढून बोट ठेवायची. मग दाखल्याची नक्कल वर जायची आणि वरचा कुणीतरी ती खिडकीतून द्यायचा. आभार त्याला मिळायचे.

तिचे काही नेम होते. दिवस संपला की शेवटच्या नोंदीखाली जी कोरी जागा उरेल तिच्यावर ती तिरकी रेघ मारायची. एकदा वर आली होती तेव्हा तिने माझं रजिस्टर उघडं पाहिलं. माझ्याकडे रोज शेवटी तीन ओळी रिकाम्या असायच्या. नंबर टाकलेले, पुढे कोरं. "हे काय, ताई?" मी सांगितलं की साहेबांच्या सोयीसाठी. एखादं पत्र राहून गेलं, मागच्या तारखेने दाखवायचं असलं, तर जागा हवी. सगळ्याच कचेऱ्यांत चालतं. तपासणीला येतात त्यांनाही ठाऊक असतं, कारण त्यांच्याकडेही हेच. तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं. म्हणाली, "आमच्याकडे असं सोडत नाहीत. जुने दप्तरी म्हणायचे, कोरी ओळ माणूस मागते."

"तुझ्याकडची मेलेली माणसं," मी म्हणाले. "माझ्याकडे नुसते कागद."

माझा नवरा गेला तेव्हाची एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढे धीर होणार नाही. मी कामावर परतले त्या दिवशी ती तळघरातून जिना चढून आली. मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती तिने आधीच काढून ठेवल्या होत्या. बँक, घर, विमा, आणि एक तुमच्याजवळ असू द्या, म्हणाली, आणि हात पुढे केला. मी म्हटलं, "ठेव टेबलावर." हातात पेन होतं म्हणून तसं म्हटलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पेन नव्हतं.

आमच्याकडे मुख्य लिपिकाच्या बढतीला एक अट होती: दोन वर्षं खिडकीचा अनुभव. तिला खिडकी दिलीच नाही, म्हणून अनुभव नाही, म्हणून बढती नाही. तीनदा तिला डावललं. तिसऱ्या वेळी जो मुख्य लिपिक झाला त्याला नोंदी कशा शोधायच्या ते तिनेच शिकवलं होतं. त्यानंतर तिने तक्रार दिली. भेदभावाची. दोन पानं, कुठे रडगाणं नाही, तारखा आणि नियमांचे क्रमांक. कचेरीत कुजबुज झाली की हिला आता शिंगं फुटली. मीही त्यात भर घातली असेन, मला तोंड आवरत नाही.

तिघांची समिती नेमली गेली. समितीने विचारलं, हिला अकरा वर्षांत खिडकी का दिली नाही? त्या आठवड्यात साहेब माझ्या टेबलाशी आले. साहेब कधी टेबलाशी येत नसत. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"बाई, तुमचे पेन्शनचे कागद माझ्याकडे आलेत. एक शेरा राहिलाय, टाकतो," म्हणाले. मग हातातलं पत्र पुढे केलं. "दोन वर्षांपूर्वीच्या जून-जुलैतला एखादा नंबर द्या याला."

मी पत्र वाचलं. दप्तरवालीला विचारलं होतं की खिडकीवर काम करण्याची आपली इच्छा आहे का, पंधरा दिवसांत कळवावे. असं पत्र तिला कधी गेलं नव्हतं. गेलं असतं तर माझ्या हातून गेलं असतं. हे सगळं मला समोर पत्र धरलं त्याच क्षणी कळलं, उगाच साळसूदपणा कशाला करू. मी जुनं रजिस्टर काढलं. त्या दोन महिन्यांतल्या बहुतेक रिकाम्या ओळी आधीच भरल्या गेल्या होत्या. एका तारखेखाली मात्र पाच ओळी मोकळ्या होत्या. त्या दिवशीच एवढ्या का मोकळ्या, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी त्यातली पहिली घेतली, सातशे बारा. पुढे लिहिलं, "समक्ष दिले." कचेरीतल्या कचेरीत सही घेत नाहीत. साहेबांनी पत्रावर ती तारीख घातली आणि माझ्याकडे बघून हसले. चौथ्या दिवशी पेन्शनवर शेरा पडला.

समितीचा आदेश आला तो तिने मला आणून दाखवला. ती जिना चढली की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा, मग ती. रजिस्टरांना कसर लागू नये म्हणून ती त्या ठेवायची आणि तो वास तिच्या कपड्यांत बसला होता. तिने आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "अर्जदारास जावक क्रमांक ७१२ अन्वये विचारणा करण्यात आली होती. विहित मुदतीत उत्तर न आल्याने अर्जदार इच्छुक नसल्याचे गृहीत धरण्यात आले. सबब भेदभाव सिद्ध होत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

"ताई, असं पत्र मला आलेलं नाही," ती म्हणाली. "आदेशात नंबर आहे, तारीख नाही. साहेब म्हणतात फाईल समितीकडे आहे. अपील तीस दिवसांत करायचंय. तेवढी तारीख बघून सांगता?"

रजिस्टर माझ्या कोपराखाली होतं. जुनं ते, दोन वर्षांपूर्वीचं. साहेबांनी परत मागितलं तर हाताशी असावं म्हणून मी ते कपाटात ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "ते साहेबांच्या कपाटात आहे गं. बघते."

ती बरं म्हणाली. तिने माझ्या कोपराकडे पाहिलं की नाही, ते मी आजही ठरवू शकत नाही.

त्यानंतरचे तीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. खाई त्याला खवखवे. ती दर दोन दिवसांनी येऊन विचारायची, चिडून नाही, एखाद्याच्या तब्येतीची चौकशी करावी तसं. मी रोज नवं कारण द्यायची. साहेब रजेवर, किल्ली हरवली, कपाट अडकलंय. हळूहळू असं झालं की ती आलेली नसतानाही वास यायचा. मी लिहिता लिहिता मागे वळून बघायची, तर भिंत. खुर्चीच्या मागे कुणीतरी उभं राहून माझ्या खांद्यावरून वाचतंय असं वाटायचं, आणि मी पान हाताने झाकायची, शाळेतल्या पोरीसारखी. चालू वर्षाचा आकडा सातशे अकरावर आला तेव्हा मी पुढे सातशे तेरा लिहिलं. माझ्या ते लक्षातही आलं नाही, साहेबांनी दाखवलं. एकदा नक्कल आणायला तळघरात जावं लागलं. ती जेवायला गेली होती. रॅकांच्या मधून जाताना मला वाटलं की एवढी माणसं इथे ओळीने लिहून ठेवलीत, एकही ओळ कोरी नाही, आणि या सगळ्यांना ठाऊक आहे. मी नक्कल न घेताच वर आले.

एकोणतिसाव्या दिवशी तिने तारखेशिवाय अपील दाखल केलं. एक महिन्याने सुनावणी लागली, मुख्य कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी जावक रजिस्टर मागवलं, ते घेऊन मलाच जावं लागलं. साहेब सोबत होते. लिफ्टमध्ये म्हणाले, "तुम्हाला काही विचारणार नाहीत. विचारलंच तर जे आहे ते सांगायचं." जे आहे ते म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ती आधीच येऊन बाकावर बसली होती. आईही सोबत आलेली. म्हातारीला गुडघ्यांचा त्रास, तरी तीन मजले चढली होती, कारण लिफ्टचा तिला धसका. मला बघून तिने बाकावर सरकून जागा केली. मी उभीच राहिले.

आत अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं, बोटाने ओळ शोधली आणि मोठ्याने वाचलं. "सातशे बारा. अकरा जुलै. समक्ष दिले." मग तिच्याकडे वळले. "तुमचं म्हणणं काय?"

तारीख तिने आत्ता पहिल्यांदा ऐकली होती. खरं सांगायचं तर मीही ती तोवर नीट ऐकली नव्हती. इतके महिने माझ्या डोक्यात नंबर होता, तारीख नव्हती. ऐकली आणि तो दिवस मला आठवला.

"त्या दिवशी माझे वडील गेले," ती म्हणाली. "मी सही करून पेन खाली ठेवलं आणि घरून फोन आला, शेवटची घटका आहे, लगेच ये. मी खाली तळघरातसुद्धा गेले नाही. तशीच निघाले."

अधिकाऱ्यांनी हजेरीपट पाहिला. सही होती. रजेचा अर्ज नव्हता. पूर्ण दिवस हजर. तेही खरं होतं, कारण साहेबांनी त्या दिवशी माणुसकी दाखवली होती. जा जा, अर्ज-बिर्ज काही नको, मी दिवस भरून घेतो, असं म्हणाले होते. त्यांच्या आयुष्यातलं ते एक चांगलं काम असेल, आणि ते असं उपयोगी पडलं.

"मृत्यूची नोंद साडेदहाची आहे," अधिकारी म्हणाले. "सही दहाची. अर्ध्या तासात पत्र देता येतं. तुम्ही लगेच निघालात, याला कुणी साक्षीदार?"

खोलीत पंखा चालू होता. ती माझ्याकडे वळली नाही. समोरच बघत राहिली.

"आहेत," ती म्हणाली. "पण ते त्यांनी स्वतःहून सांगायला हवं."

"कोण?"

तिने नाव घेतलं नाही.

आता सांगते. फोन आला तेव्हा मी तिच्या मागे उभी होते, माझी सही व्हायची होती. ती मटकन खाली बसली, मी तिला उठवलं, माझी सही केली आणि तिला घेऊन निघाले. पिशवीही टेबलावर ठेवली नव्हती. संध्याकाळपर्यंत मी तिच्या घरी होते. कचेरीतले बाकीचे दारापर्यंत आले आणि हात जोडून गेले. मी दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन आदल्या दिवसाची चार पत्रं रजिस्टरात चढवली आणि काही राहिलं असेल म्हणून खालच्या पाच ओळी तशाच सोडल्या. अकरा जुलैला मी रजिस्टर उघडलंच नव्हतं. त्या दिवशीची नोंद माझ्या हाताने, आणि मी तिच्या आईशेजारी बसलेली. या दोन गोष्टी एकत्र जोडून बघू शकणाऱ्या जगात आम्ही दोघीच होतो, आणि तिने एक वाक्य उच्चारलं असतं तर तिचं अपील जिंकलं असतं आणि खोटी नोंद केली म्हणून माझी नोकरी, पेन्शन, सगळं गेलं असतं.

अधिकारी माझ्याकडे वळले. "ही नोंद तुम्ही केव्हा केली?"

मी म्हणाले, "रोजची नोंद रोज करते, साहेब."

तो एक दिवस सोडला तर एकतीस वर्षं ते वाक्य खरंच होतं, म्हणून माझा आवाज कापला नाही.

अपील फेटाळलं गेलं. नियमित कामकाजात घेतलेल्या नोंदीवर अविश्वास दाखवण्यास सबळ कारण नाही, असं आदेशात होतं, आणि शेवटी, हा निर्णय अंतिम राहील. तो आदेश तिला पाठवायचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. मी त्याला नंबर दिला.

ती पूर्वीसारखीच कामावर येत राहिली. मला बघून मान हलवायची. एखादी बाई चार शिव्या देती तर मला झोप तरी लागली असती. मी त्या काळात फार भांडखोर झाले होते, चहा थंड आला म्हणून सुद्धा लोकांवर ओरडायची. निवृत्तीच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम चारला होता. तीनला मी तळघरात गेले. ती जुन्या रजिस्टराच्या पुठ्ठ्याला खळ लावत होती.

"मी लिहून देते," मी दारातूनच म्हणाले. "सगळं. अकरा जुलै, साहेबांनी काय सांगितलं, सगळं."

तिने ब्रश बाजूला ठेवला. "आता कुठे देणार, ताई? याच्या वर अपील नाही. तुमचं पेन्शन तेवढं थांबेल."

"मग तू तेव्हा का नाही बोललीस? माझं नाव घ्यायचं होतंस."

"घेणार होते," ती म्हणाली. "तारीख आदल्या दिवशी कळली असती तर घेतलंही असतं. पण ती मला तिथेच कळली. आणि बाहेर आई बसली होती."

मला कळलं नाही. तिला ते दिसलं असावं.

"वडील गेले त्या दिवशी आमच्या घरात एवढी माणसं येऊन गेली. आईने सगळ्यांपुढे पाणी धरलं. माझ्या हातचं पाणी घरात आहे म्हणून कुणी घोटभर घेतलं नाही. तुम्ही दोन पेले प्यायलात. ती आजही येईल त्याला हे सांगते. नातेवाईकांना, शेजाऱ्यांना. एक बाई आहे कचेरीत, म्हणते, सख्ख्या बहिणीसारखी." तिने पुन्हा ब्रश उचलला. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर तिला आत बोलावून तुमच्याविरुद्ध जबानी द्यायला लावावी लागली असती मला. तीच दुसरी साक्षीदार होती."

मला त्या दिवशी तहान लागली होती. उन्हातून आले होते आणि समोर पेला आला, मी बघितलं सुद्धा नाही कोणाच्या हातचा. हे तिला सांगावं असं वाटलं आणि सांगवलं नाही.

"एक करा," ती खाली बघूनच म्हणाली. "आईला यातलं काही कळू देऊ नका."

मी हो म्हणाले. वर साहेब भाषणाला उभे होते आणि माझी वाट बघत सगळे खोळंबले होते.

याला आता तीन वर्षं झाली. दप्तरवाली अजून तळघरातच आहे. पेन्शन महिन्याच्या पहिल्या तारखेला बिनचूक येतं. म्हातारी अधूनमधून कुणाच्या तरी हाती निरोप पाठवते, की ताईंना म्हणावं एकदा घरी येऊन जा, गुडघ्यांमुळे मला येववत नाही. मी प्रत्येक वेळी येते म्हणून सांगते.